नक्की काय दिसलं?

सोलापुरात पाण्याची तक्रार कशी करायची, हे कुणाला शिकवावं लागत नाही. "परवा पाळी होती, आलं नाही. काल रात्री दोनला आलं, वीस मिनिटं टिकलं, प्रेशर नव्हतं. पहिली दहा मिनिटं गढूळ. समोरच्या लायनीत मात्र फुल्ल आलंय." शंभरएक किलोमीटरवरच्या उजनीतून निघालेलं पाणी कुठं अडलं असेल, याचा अर्धा तपास एवढ्यात झालेला असतो. काय व्हायला हवं होतं, काय झालं, किती वाजता, किती वेळ, शेजारी काय परिस्थिती, सगळं आलं. चावीवाला कितीही वैतागलेला असो, त्याला उलट प्रश्न विचारावा लागत नाही.

तोच माणूस संगणकापुढं बसला की म्हणतो, "सर, चालत नाही."

काय चालत नाही? "प्रोग्राम." म्हणजे काय होतं? "काहीच होत नाही." उघडतो का? "उघडतो की." मग? "मग चालत नाही."

माझं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना बिलांचे, स्टॉकचे, उधारीचे प्रोग्राम करून देणं. संध्याकाळी इंजिनिअरिंगची मुलं-मुली येऊन बसतात, त्यांचे प्रोजेक्ट अडलेले असतात. दोन्हीकडचे प्रश्न माझ्या आवाक्याबाहेर गेले की परदेशी जातात. कधी एखाद्या प्रोग्रामिंग भाषेच्या जाणकारांकडं, कधी यंत्र बनवणाऱ्यांच्या सर्व्हिस विभागाकडं. तिकडं बसलेल्या माणसानं सोलापूर नकाशावरही पाहिलेलं नसतं. त्याच्यापर्यंत फक्त आपली चार वाक्यं पोचतात. त्यामुळं उत्तरं देण्यापेक्षा लोकांचे प्रश्न दुरुस्त करण्यातच माझा जास्त वेळ जातो, आणि मला ते काम आवडतंही.

"बिलावर मराठी नीट येत नाही" हे वाक्य घ्या. वाक्य एक आणि आजार चार.

मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल, तर मजकूर वाटेत कुठंतरी फक्त रोमन अक्षरांपुरती जागा असलेल्या ठिकाणातून गेलाय. जे अक्षर तिथं मावलं नाही ते टाकून दिलं गेलं आणि जागेवर प्रश्नचिन्ह ठेवलं गेलं. जे साठवलंय तेच तसं असेल तर मूळ अक्षरं गेली. बॅकअप शोधा, नाहीतर पुन्हा टाइप करा. याउलट डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा दिसतोय, त्याच्या शेजारी चार कोपऱ्यांना काड्या फुटलेलं एक बारीक वर्तुळ आहे आणि मधूनच जपानी येनचं चिन्ह डोकावतंय, असं असेल तर बहुतेक वेळा घाबरायचं कारण नसतं. अक्षरं शाबूत असतात. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या तीन छोट्या घरांत, साठवलं जातं, आणि वाचणारा प्रोग्राम त्या तीन बाइटना तीन वेगवेगळी युरोपीय अक्षरं समजतोय, एवढाच घोळ. यातली एक गंमत मला फार आवडते. अ पासून ऱ्हस्व वेलांटीपर्यंतच्या चिन्हांना ते वर्तुळ मिळतं आणि दीर्घ वेलांटीपासून पुढं, म्हणजे उकार, मात्रा, पाय मोडणं वगैरेंना, येन मिळतो. "चादर" या शब्दात एकही येन येत नाही. "टॉवेल" मध्ये दोन येतात. फोटो स्वच्छ असेल तर बिल चादरीचं की टॉवेलचं, हे त्या कचऱ्यावरूनही सांगता येतं!

नुसत्या रिकाम्या चौकटी दिसत असतील तर अक्षरं बरोबर आहेत, त्या मशीनवर देवनागरी फॉन्ट नाही. पाच मिनिटांचं काम. आणि अर्थहीन रोमन अक्षरं, कंस, टक्केचिन्हं असा काला दिसत असेल, तर तो मजकूर बहुधा युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या जमान्यातल्या फॉन्टात टाइप झालाय. पत्रिका छापणाऱ्यांकडं असल्या फायलींचे ढीग असतात. आत रोमन अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. फॉन्ट काढला की सोंग उतरतं.

चारातल्या एका प्रकारात माहिती कायमची गेलेली असते, एकात नुसता फॉन्ट टाकायचा असतो. "नीट येत नाही" म्हणणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं, कारण त्याचं बिल दोन्हीकडं वायाच गेलेलं असतं. त्याच्या जागी तो बरोबर आहे. त्याला चारही आजारांची नावं ठाऊक असावीत अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. त्यानं फक्त पडद्याचा फोटो पाठवावा आणि बिल शेवटचं ठीक कधी आलं होतं ते सांगावं.

हे पडद्यापुरतं झालं. यंत्राच्या बाबतीत गोष्ट अजून रंजक होते.

एका कारखान्यात परदेशी बनावटीचे रॅपियर माग आहेत. उन्हाळ्यात ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, फार तुटायला लागला. मॅनेजरनं सर्व्हिस विभागाला लिहायचा मजकूर मला दाखवला. सुरुवातीला तब्येतीची चौकशी, मग "यंत्रात दोष आहे, धागे तुटत आहेत, अत्यंत तातडीचे", शेवटी आगाऊ आभार. युरोपातलं ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडं सकाळचे साडेअकरा झालेले असतात, हिवाळ्यात साडेबारा. या पत्राला तिकडून जास्तीत जास्त एकच उत्तर येऊ शकतं: कृपया अधिक माहिती द्या. ते येईस्तोवर आपली संध्याकाळ. आपण माहिती गोळा करून पाठवणार दुसऱ्या दिवशी. शुक्रवारी असं झालं की थेट सोमवार. "तातडीचे" या शब्दानं घड्याळाचा एक मिनिटही वाचत नाही, नेमका मजकूर मात्र दोन दिवस वाचवतो.

मी मॅनेजरला म्हटलं, मागावर कोण असतं त्याला विचारू. मागावर होते एक वयस्क अण्णा. घरी तेलुगू, बाहेर मराठी, शाळा लवकर सुटलेली. त्यांना विचारलं, तुम्हाला काय दिसतंय?

"सकाळी चांगलं चालतंय. दोन वाजल्यापासून लई तुटालंय बघा. रातपाळीला परत कमी. अन् दाराजवळचे चार माग हाईत का, त्येच जास्त. आतले नाहीत एवढे."

आता बघा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुपारी हवा कोरडी ठाक असते. सूत ओलसर असलं की मजबूत राहतं, हवेतला ओलावा उतरला की ठिसूळ होतं. विणकामाच्या शेडमध्ये आर्द्रता राखायची ती त्याचसाठी. दुपारी दोन, रात्री कमी, दाराजवळ जास्त, म्हणजे बाहेरची गरम झळ थेट त्या चार मागांवर. यंत्रातला दोष घड्याळ बघून येत नाही, आणि दारापाशी गर्दीही करत नाही. अण्णांनी आर्द्रता हा शब्द उच्चारला नाही, कारण सांगितलं नाही, सल्ला दिला नाही. पाहिलं ते सांगितलं. मॅनेजरनं पाहिलं काहीच नव्हतं, निष्कर्ष मात्र पाठवला होता. अण्णांचं म्हणणं पत्रात का नाही घातलं, असं विचारल्यावर मॅनेजर म्हणाले, "दाराजवळ वगैरे असल्या गोष्टी मशीनवाल्यांना काय सांगायच्या, सर!"

शिकलेला माणूस प्रश्न विचारतो तेव्हा त्याला आपण अडाणी दिसायला नको असतो. म्हणून तो डोळ्यांना दिसलेलं गाळतो आणि डोक्यातला अंदाज पुढं करतो, "सेन्सर गेलाय", "व्हायरस आलाय", "सर्व्हर डाऊन आहे". मदत करणारा मग तो अंदाज खरा धरून शोधत बसतो. मदत मागणाऱ्यानं साक्षीदार व्हावं, न्यायाधीश होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. अंदाज सांगायला हरकत नाही, पण साक्ष झाल्यावर, आणि अंदाज म्हणून.

हार्वर्डच्या मार्क-२ या अवाढव्य संगणकाच्या नोंदवहीतलं एक पान प्रसिद्ध आहे, ९ सप्टेंबर १९४७ चं. त्या दिवशी यंत्र नीट चालेना. नोंद काय आहे? वेळ १५.४५, एफ पॅनेल, ७० क्रमांकाचा रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारा स्विच, त्यात पतंग, दिव्याभोवती घिरट्या घालतो तो किडा. आणि तो मेलेला पतंग चिकटपट्टीनं पानावर चिकटवलेला. संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांनी हा किस्सा पुढं सांगून सांगून जगभर पोचवला. इंग्रजीत बग म्हणजे किडा आणि प्रोग्राममधला दोषही, म्हणून लोक त्यातली "बग" ची गंमत सांगतात. मला त्या पानाची शिस्त आवडते. वेळ आहे, जागा आहे आणि पुरावा तर अक्षरशः जोडलेला आहे.

मुलांच्या बाबतीत भीतीचं मूळ शाळेत आहे, असं मला वाटतं. आपल्या वर्गात "काही शंका?" हे वाक्य तास संपल्याची घंटा म्हणूनच वापरलं जातं. त्यावर हात वर करणारा म्हणजे एकतर ज्याला काही कळलं नाही तो, नाहीतर पुढं पुढं करणारा. दोन्ही ठिकाणी मागच्या बाकावरून हशा ठरलेला. मग परदेशातल्या अनोळखी माणसाला लिहायची वेळ येते तेव्हा इंग्रजीचं ओझं त्यात भर घालतं. रिस्पेक्टेड सर, काइंडली हेल्प, काइंडली डू द नीडफुल. एवढी तीन पावलं टाकेपर्यंत मूळ गोष्ट सांगायचा दम संपलेला असतो.

म्हणून मी मुलांना सांगतो, आधी मराठीत लिहा. कन्नड येत असेल तर कन्नडमध्ये, तेलुगू, दखनी, घरी जे बोलता त्यात. भाऊ शेजारी बसलाय आणि त्याला सांगताय असं लिहा. नंतर त्याचं इंग्रजी करा, हल्ली तर यंत्रही बरं भाषांतर करतं. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. तिकडच्या माणसाला मोडक्या व्याकरणातून अर्थ लावता येतो, न दिलेल्या माहितीतून काय लावणार? आपल्या जुन्या पत्रांत हे किती सुबक होतं. सगळे शिष्टाचार "सा. न. वि. वि." मध्ये कोंबून लगेच "पत्रास कारण की". पोस्टकार्डावर जागाच तेवढी असायची, हेही खरं.

पण सगळं सांगूनही प्रश्न चुकीचा असू शकतो. एका मुलीनं विचारलं, "सर, नावाची पहिली चार अक्षरं कशी काढायची?" पायथन या प्रोग्रामिंग भाषेत याचं उत्तर अर्ध्या ओळीचं आहे. दिलं असतं तर ती खूश होऊन गेली असती आणि दुसऱ्या दिवशी रडत आली असती. मी विचारलं, चारच का? तर तिच्या यादीत पहिलं नाव होतं श्रीशैल. सोलापुरात श्रीशैल नावाला काय तोटा! तिला फोनमध्ये असतात तसे गोल बिल्ले करायचे होते, प्रत्येक नावापुढं त्याचं पहिलं अक्षर. एक अक्षर मागितलं तर संगणकानं नुसता "श" दिला. दोन मागितली, पाय मोडका "श्". तीन मागितली, "श्र". चार मागितल्यावर "श्री" उमटलं, आणि तिनं चार ही संख्या पक्की केली. संगणकाच्या लेखी श्री म्हणजे श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं, त्यामुळं तिचं निरीक्षण अचूकच होतं. पण हाच नियम महादेवला लावला की "महाद" येतं, आणि सिद्रामला लावला की पाय मोडलेला "सिद्".

तिला हवं होतं डोळ्यांना दिसणारं पहिलं अक्षर, आणि ती विचारत होती स्वतःच शोधलेल्या वाटेवरच्या खड्ड्याबद्दल. बिल्ल्यांचा उल्लेख तिनं मूळ प्रश्नात केलाच नव्हता, फालतू वाटला म्हणून. "मला शेवटी काय करायचंय" हे एक वाक्य टाकलं असतं तर कुठल्याही देशातला जाणकार तिला थेट योग्य साधनाकडं घेऊन गेला असता. तिथंही मेख आहेच. युनिकोडच्या अक्षरं तोडायच्या नियमांनुसार २०२३ पर्यंत "श्री" चे दोन तुकडे पडायचे; त्या वर्षीच्या १५.१ आवृत्तीत देवनागरीचं जोडाक्षर एकत्र धरायचा नियम आला. म्हणजे एकाच प्रश्नाची जुन्या आणि नव्या साधनावर दोन वेगळी उत्तरं, दोन्ही खरी. "कोणती आवृत्ती वापरताय" हे जाणकार विचारतात तेव्हा मुलांना ती सरकारी फॉर्मसारखी कटकट वाटते. ती बऱ्याचदा उत्तराची किल्ली असते.

हीच मुलगी पुढं माझ्याकडं कामाला लागली, आणि बऱ्हाणपूरचं प्रकरण तिनं हाताळलं. एका कारखान्याची उधारीची यादी गावांप्रमाणे लावलेली होती. तक्रार अशी की बऱ्हाणपूर शोधलं तर तिथले निम्मेच व्यापारी सापडतात. यादी हजारो ओळींची. तिनं यादीची प्रत घेतली आणि अर्धी कापली. घोळ अजून आहे? आहे. पुन्हा अर्धी. या पद्धतीची ताकद लोकांच्या लक्षात येत नाही: चार हजार ओळींतून एक दोषी ओळ गाठायला बाराच वेळा अर्धं करावं लागतं. शेवटी तिच्याकडं दोन ओळी उरल्या, दोन्हींत एकच शब्द, बऱ्हाणपूर. डोळ्यांना तंतोतंत सारखे. संगणकाला विचारलं, सारखे आहेत का? नाही म्हणाला. लांबी मोजली. एकात नऊ चिन्हं, दुसऱ्यात दहा.

आता इथं पडद्याचा फोटो काय कामाचा? फोटोत दोन्ही सारखेच दिसणार. इथं मूळ मजकूरच कॉपी करून द्यायला हवा. मघाशी मी फोटोचं कौतुक केलं आणि आता उलटं बोलतोय, हे मला कळतंय. म्हणूनच "प्रश्न विचारण्याचे दहा नियम" छाप याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. दिसण्याचा घोळ असेल तर फोटो लागतो, न दिसण्याचा असेल तर मजकूर. पुरावा कुठं दडलाय हे ज्याचं त्यालाच शोधावं लागतं.

तिनं परदेशातल्या जाणकारांना पाठवलेला प्रश्न पाच-सहा ओळींचा होता. हे दोन शब्द, इथून कॉपी करता येतील. दिसतात एकसारखे. एकाची लांबी नऊ, दुसऱ्याची दहा. शोधताना दोन्ही सापडायला हवेत, एकच सापडतो. पायथनची आवृत्ती अमुक. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या रीती एकसारख्या करायची ठरलेली क्रिया, करून पाहिलं, फरक पडला नाही. उत्तर देणाऱ्याला मराठी येत होतं की नाही कोण जाणे. यायची गरजही नव्हती. आपल्या गावचा, आपल्या लिपीचा प्रश्न कुठल्याही मुलखातला माणूस स्वतःच्या टेबलावर जसाच्या तसा घडवून बघू शकत होता. काही तासांत खुलासा आला. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढं शून्य रुंदीचं, डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही रीती रूढ आहेत, आणि प्रमाणीकरणात त्या एकमेकींत बदलत नाहीत. एक रीत ठरवा आणि दुसरी बदलून घ्या.

असं गुण्यागोविंदानं नेहमीच होत नाही. जाणकारांचाही एक माज असतो. नवख्याला "हे आधी विचारून झालंय" म्हणून झटकणारे मी भरपूर पाहिलेत. ज्याला आपल्या अडचणीचं नावच ठाऊक नाही, तो आधीचं उत्तर शोधणार तरी कशाच्या जोरावर? अशा माणसाला एकच बरा प्रश्न परत विचारला तर त्याचा पुढचा प्रश्न सुधारतो. झटकला तर तो प्रश्न विचारणंच सोडतो. हल्ली मुलं एआयकडं वळलीत यात हेही एक कारण आहे. ते हसत नाही, रागावत नाही. पण "शेवटचं ठीक कधी होतं?" असंही बऱ्याचदा विचारत नाही. न सांगितलेल्या जागा स्वतःच्या मनानं भरतं आणि छान उत्तर देतं. "पहिली चार अक्षरं कशी काढायची" याचं उत्तर त्यानं मोठ्या प्रेमानं दिलं असतं, महादेवसकट.

बऱ्हाणपूरचं उत्तर आल्यावर तिनं उलट तपास केला. काउंटरवरच्या कीबोर्डवरून एक रीत पडत होती, मालकांचा मुलगा फोनवरून ऑर्डर टाकायचा त्यातून दुसरी. तिनं सगळी यादी एकाच रीतीवर आणली. कऱ्हाडही दोनदा होतं, ते एक झालं. वऱ्हाडातल्या पार्ट्या एका जागी आल्या. मालक शेजारी उभं राहून बघत होते. त्यांनी यादीवर बोट ठेवलं, "मग हे आपलं सोलापूर पण दोनदा हाय की. तेवढं पण विचारून घ्या तिकडं."

तिनं दोन्हींची लांबी मोजली. सात आणि सात. मग चिन्हं एकेक करून बघितली. एकात पू दीर्घ होता, दुसऱ्यात ऱ्हस्व. ते तिकडं विचारण्यासारखं नव्हतं.